तणमोराच्या वाटेवरची तार

समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या की समुद्रपक्ष्यांचे काय होते, हा प्रश्न युरोपात बरीच वर्षे चर्चेत आहे. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीजवळ जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प उभारला. आपल्याकडे केंद्राचे समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ मध्ये आले आणि जून २०२४ मध्ये गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अकोल्याहून समुद्र चारशे किलोमीटरपेक्षा दूर आहे. तिथल्या कुरव पक्ष्यांची काळजी वऱ्हाडाने का करावी, असे कुणी विचारले तर त्यात गैर काही नाही. पण समुद्रावरच्या या अभ्यासांतून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली आहे आणि ती थेट आपल्या शिवाराला लागू पडते. पक्षी वाचणार की मरणार, याचा निकाल बहुतेक वेळा जागा निवडली जाते त्याच दिवशी लागतो. नंतरचे उपाय थोडेफार सावरतात, एवढेच. वऱ्हाडात आज अशा जागा निवडल्या जात आहेत. अकोला, वाशिम आणि अमरावती जिल्ह्यांत ई-क्लास (सरकारी गुराचराईच्या) जमिनींवर सौर प्रकल्प येत आहेत, त्यांच्यासाठी नव्या वाहिन्या ओढल्या जात आहेत, आणि ही निवड होताना त्या जमिनीवर पावसाळ्यात कोणता पक्षी उतरतो, हे विचारण्याची कुणावरही सक्ती नाही.

समुद्रावरचा पुरावा आधी नीट पाहिला पाहिजे, कारण त्याचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावतात. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनजवळच्या प्रकल्पात रडार आणि कॅमेरे एकत्र वापरून दोन वर्षे पक्ष्यांच्या हालचाली टिपल्या गेल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा हजारो चित्रफितींत एकही पक्षी पात्यावर आदळताना दिसला नव्हता. गॅनेट, किटिवेक, कुरव हे सगळे पाती लांबूनच ओळखून वाट बदलत होते. हा अभ्यास प्रकल्प चालवणाऱ्या व्हॅटनफॉल कंपनीच्याच पैशाने झाला आणि एका जागेपुरता होता, हे लक्षात ठेवूनही तो नाकारण्याचे कारण नाही. दुसरीकडे जर्मनीच्या उत्तर समुद्रात डायव्हर जातीच्या पाणपक्ष्यांनी पवनप्रकल्पांचा परिसरच सोडला. प्रकल्पापासून दहा किलोमीटरच्या टापूत त्यांची संख्या निम्म्याच्या आसपास घटल्याचे अभ्यासकांना आढळले. तिथे मेलेला पक्षी कुणाच्या हाती लागत नाही. त्याचे खाण्याचे ठिकाण मात्र गेलेले असते. म्हणजे एकच यंत्र, एकच समुद्र, पण एका जातीला ते फारसे बाधत नाही आणि दुसरीला हुसकावून लावते. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर तर पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड पात्यांनी खरोखर मरत होते. तिथे चार चक्क्यांचे प्रत्येकी एक पाते काळे रंगवल्यावर पक्षी मरण्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. प्रयोग लहान होता, पण त्यातून मार्ग दिसला. पवनचक्क्या पक्ष्यांना मारतात की नाही, असा सरसकट प्रश्न विचारण्यात त्यामुळे अर्थ नाही. कोणती जात, कोणती जागा आणि कोणता धोका, हे तिन्ही एकत्र पाहावे लागते.

महाराष्ट्रातला सर्वांत भक्कम अभ्यास सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी पठारावरचा आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या पठाराची तुलना केली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते. त्यामुळे जमिनीवरच्या सरड्यांची संख्या वाढली, त्यांच्या अंगातली भीती कमी झाली, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनात. घारी-ससाणे गेले, तेव्हा त्यांच्या खालची सगळी घडीच बदलली. मेलेले पक्षी मोजत बसले असते, तर या पठारावर काय झाले ते कुणालाही कळले नसते. कारण इथे बरेचसे नुकसान पात्याने मारल्याने नव्हे, तर पक्ष्यांनी जागा सोडल्याने झाले होते.

वऱ्हाड हा पवनचक्क्यांचा प्रदेश नाही. सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार, बीड इथे वारा आहे, म्हणून चक्क्याही तिथे आहेत. वऱ्हाडाच्या वाट्याला आल्या आहेत त्या तारा. तिरोड्याकडून कोराडी, अकोला करत औरंगाबादकडे जाणारी ७६५ केव्हीची वाहिनी आपल्या शिवारांवरून जाते. पारसच्या आणि नांदगावपेठच्या औष्णिक केंद्रांची वीजही तारांतूनच बाहेर पडते. आणि आता प्रत्येक नव्या सौर प्रकल्पाला उपकेंद्रापर्यंत आपली ११ किंवा ३३ केव्हीची वाहिनी लागते. पात्यापेक्षा तार पक्ष्याला अधिक घातक ठरू शकते, हे अनेकांना पटत नाही, कारण पाते फिरते आणि तार स्वस्थ असते. पण फिरणारे पाते दिसते. आडवी, बारीक, आभाळाच्या रंगात मिसळलेली तार दिसत नाही, आणि काही पक्ष्यांना तर ती दिसणे त्यांच्या डोळ्यांच्या रचनेमुळेच अवघड आहे. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या कोरी बस्टर्ड या माळढोकाच्या भाऊबंदाची दृष्टी मोजली. जमिनीवरचे भक्ष्य शोधणाऱ्या या पक्ष्याला समोरच्या बाजूला दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा फार अरुंद असतो, आणि उडताना त्याने मान थोडी खाली वळवली की जिकडे तो चालला आहे तिकडचे त्याला काहीच दिसत नाही. वर शरीर जड, ऐनवेळी वळणे जमत नाही. माळढोक, तणमोर ही सगळी याच कुळातली.

थरच्या वाळवंटात या दोषाचा हिशेब लागला. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथल्या वाहिन्यांखाली मेलेले पक्षी शोधले आणि सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या भागात वर्षाला ऐंशी हजारांहून अधिक पक्षी तारांमुळे मरत असावेत, असा अंदाज मांडला. तो अंदाजच आहे; नमुना लहान, प्रदेश मोठा. पण माळढोकासारख्या, वर्षाला बहुधा एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत अंदाजातली चूकही फारसा दिलासा देत नाही, कारण दरवर्षी मोजके प्रौढ पक्षी गेले तरी ते भरून यायला वेळच मिळत नाही. वन्यजीव संरक्षक एम. के. रणजितसिंह यांची याचिका याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकाच्या क्षेत्रांत वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा मूलभूत हक्क असल्याचेही सांगितले. वऱ्हाडाने या खटल्यातली एक गोष्ट विसरू नये. याचिका माळढोकासोबत तणमोरासाठीही होती. आदेशाचा नकाशा मात्र राजस्थान-गुजरातचा होता आणि अकोला-वाशिमचा तणमोर त्याच्या बाहेर राहिला.

तणमोर म्हणजे कोंबडीएवढा, लांब पायांचा, गवतात राहणारा पक्षी. पावसाळा सुरू झाला की नर काळ्या-पांढऱ्या पिसाऱ्यात येतो, डोक्यामागे लांब तुरे फुटतात, आणि मादीला दिसावे म्हणून तो गवतातून माणसाच्या उंचीएवढी उडी मारतो. दिवसाला पाचशेपर्यंत उड्या मारल्याच्या नोंदी आहेत. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या काही टापूंतच आता तो विणीला येतो, आणि महाराष्ट्रातला महत्त्वाचा टापू अकोला-वाशिमचा, अमरावतीच्या सीमेला लागून असलेला. १९९९ मध्ये देशात साडेतीन हजारांच्या आसपास तणमोर असावेत असा अंदाज होता. २०१७-१८ च्या पाहणीनंतर तो सातशेच्या घरात आला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याला अति संकटग्रस्त यादीत टाकले. हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सातशे पक्षी चार राज्यांत विखुरलेले असताना एका जिल्ह्याच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतके नर येतात. मग एकेका कुरणाला आणि एकेका वाहिनीला महत्त्व येते. या पक्ष्याची माहिती सर्वांत चांगली कुणाला, तर फासेपारध्यांना. कारंज्याच्या ‘संवेदना’ या संस्थेसोबत अकोला-वाशिम भागातल्या फासेपारधी समाजाने गवताळ माळ राखण्याचे आणि तणमोराच्या नोंदी ठेवण्याचे जे काम केले आहे, त्याची शासनाने जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतलेली नाही.

आता ई-क्लास जमिनीकडे वळतो, कारण खरा पेच तिथे आहे. महसूल दप्तरात ही जमीन सरकारी, पडीक, गुराचराईची. एप्रिल-मेमध्ये पाहिली तर दगड, सुकलेली कुसळे आणि चार बाभळी. कुठल्याही अधिकाऱ्याला ती ओसाड वाटेल, आणि सौर पॅनेलसाठी यापेक्षा चांगली जागा नाही असेच त्याच्या मनात येईल. हीच जमीन ऑगस्टमध्ये कमरेएवढ्या गवताची असते, आणि तणमोर विणीला येतो तोही याच काळात. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही गवताळ माळ वर्षानुवर्षे पडीक म्हणूनच मोडत आले आहेत. वन खात्याची जमीन असती तर वळती करण्यासाठी वनपरवानगी लागली असती. ई-क्लास महसुलाची, म्हणून ती लागत नाही. सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतून सूट आहे. वीजवाहिन्यांनाही पर्यावरण मंजुरी लागत नाही. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य अवघे अठरा चौरस किलोमीटरचे, आणि त्यातूनही समृद्धी महामार्ग गेला. अभयारण्याबाहेरच्या माळाला तर तेवढाही आधार नाही. दुर्लक्ष करायचेच असे कुणी ठरवलेले नाही. कायद्याच्या कुठल्याच कलमात हा प्रश्न विचारला जात नाही, एवढेच घडले आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चे उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढवले गेले आहे. एका मेगावॉटला चार-पाच एकर धरले, तर चौसष्ट ते ऐंशी हजार एकर जमीन राज्यभरात लागणार. या योजनेला माझा विरोध नाही. उलट ती झाली पाहिजे. हरभरा आणि गव्हाला रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणारा शेतकरी थंडीत, सापा-विंचवात, रानडुकरांच्या आणि बिबट्याच्या वावरात मोटार सुरू करायला जातो. त्याला दिवसा वीज मिळणे हा साधा न्याय आहे, आणि एखाद्या पक्ष्याचे नाव पुढे करून तो लांबवणे मला मान्य नाही. कोळशाच्या धुराने तापणारे हवामान पक्ष्यांनाही सोडत नाही, हा दुसरा युक्तिवादही खरा आहे. लांबलेला पाऊस आणि खंड पडलेला ऑगस्ट तणमोराची वीण बिघडवतो. पण या दोन्ही युक्तिवादांतून सौरऊर्जा हवी एवढेच सिद्ध होते. ती याच कुरणावर हवी, हे सिद्ध होत नाही. योजनेतला प्रकल्प लहान असतो, तो उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत कुठेही बसू शकतो, आणि खासगी जमीन घेतली तर मालकाला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे मिळते. खारपाणपट्ट्यातली किंवा सततच्या नापिकीने कंटाळलेली जमीन या भाड्याला द्यायला तयार असलेले शेतकरी अकोला-अमरावतीत नक्कीच सापडतील. समुद्रातल्या पवनचक्कीला वारा आणि खोली पाहून जागा शोधावी लागते, तिला पर्याय कमी. सौर प्रकल्पाला ऊन हवे, आणि ते वऱ्हाडात कुठल्याही शिवारात सारखेच पडते.

इथे एक सोयीचा उपाय पुढे केला जातो: तारांवर चकत्या किंवा फडफडणारे बर्ड डायव्हर्टर लावा, पक्षी वाट बदलतील. अनेक जातींसाठी हे खरे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात झालेला एक मोठा प्रयोग मात्र आपल्यासाठी फार बोलका आहे. जेसिका शॉ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात तारांवर खुणा लावल्यावर निळ्या करकोच्यांची टक्कर ९२ टक्क्यांनी कमी झाली. लडविग्ज बस्टर्ड या माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्याला मात्र त्याचा काहीच उपयोग झाला नाही. मान खाली वळली की ज्याला पुढची तारच दिसत नाही, त्याला चकती तरी कशी दिसणार? म्हणून गोंदियाच्या सारसांसाठी, वऱ्हाडातल्या तलावांवर हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकादंबांसाठी आणि करकोच्यांसाठी डायव्हर्टर जरूर लावावेत. तणमोराच्या माळावर ते लावून सुटका झाली असे कुणी मानू नये. तिथे दोनच गोष्टी उपयोगाच्या: वाहिनी तिथून नेऊ नये, आणि नेणे टळत नसेल तर जमिनीखालून न्यावी.

भूमिगत वाहिनीचा खर्च हा महावितरणचा आणि विकासकांचा ठरलेला आक्षेप. ७६५ किंवा ४०० केव्हीच्या बाबतीत तो रास्त आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये भूमिका बदलली त्यामागेही तांत्रिक अडचणींचा मोठा वाटा होता. पण वऱ्हाडात नव्याने येणाऱ्या बहुतेक वाहिन्या ११ आणि ३३ केव्हीच्या आहेत. शहरांत त्या गल्लोगल्ली जमिनीखालून जातात. सगळ्या नव्हेत, फक्त तणमोराच्या नोंदी असलेल्या माळांवरच्या दोन-चार किलोमीटरच्या वाहिन्या भूमिगत करायच्या, तर एकूण योजनेच्या खर्चात तो बोजा किरकोळच राहील. जिथे भूमिगत करणे शक्य नाही तिथे उघड्या तारांऐवजी आवरण असलेली एबी केबल वापरता येते; तिच्यावर बसणारे पक्षी शॉक लागून मरत नाहीत आणि जाड असल्याने ती निदान इतर जातींना दिसते. सारसांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतल्यानंतर वीजवाहिन्यांचा प्रश्न प्रशासनाच्या टेबलावर आला. तणमोरासाठीही कोर्टाची वाट पाहावी लागू नये.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो पक्षीमित्रांमधूनच येतो. तणमोराला संपवले ते तारांनी नव्हे. कुरणे मोडून झालेल्या शेतीने, फवारणीने, मोकाट कुत्र्यांनी. गेल्या तीन दशकांत सोयाबीनने वऱ्हाडाचे शिवार बदलले, आणि तणमोर अनेकदा कुरणालगतच्या सोयाबीनमध्येच अंडी घालतो, मग कोळपणी-फवारणीत ती जातात, हे खरेच आहे. कारणांच्या उतरंडीत तार पहिली नसेल. पण त्यातून तारेकडे दुर्लक्ष करावे असे निघत नाही. शेतकऱ्याची हजारो एकरांवरची पीकपद्धती बदलणे कुणा एका अधिकाऱ्याच्या हातात नाही. एका नव्या वाहिनीचा मार्ग बदलणे मात्र एका सहीचे काम आहे. शिवाय ई-क्लास कुरण पॅनेलखाली गेले की तणमोराला सोयाबीनशिवाय दुसरी जागाच उरत नाही, आणि गावच्या शेळ्या-गाईंना चारा उरत नाही. पक्ष्याचे आणि गुराख्याचे हित इथे एकच आहे, आणि ते एकत्र मांडले गेले तर ग्रामसभेत त्याला वजन येईल. शेतकऱ्याच्या बाबतीत मध्य प्रदेशातल्या सैलानाने दाखवलेली वाट आहे: पक्ष्याची माहिती देणाऱ्या, घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला वन खात्याकडून रोख बक्षीस. हे वऱ्हाडात सहज करता येईल.

पक्षी उरलाच किती, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असेही म्हटले जाते. वऱ्हाडाने हे म्हणू नये. रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला जिवंत सापडला नव्हता, संपला असे मानले गेले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि आज मेळघाट हे त्याच्या प्रमुख ठिकाणांपैकी एक आहे. आपल्याकडे न दिसलेला पक्षी अनेकदा न शोधलेला पक्षी असतो.

शोधण्याचा काळ जुलै ते सप्टेंबर. अकोला, वाशिम आणि अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी वन विभाग, महावितरण आणि पक्षीमित्र संघटना यांना एकत्र बसवून, पुढच्या टप्प्यासाठी सुचवलेल्या प्रत्येक ई-क्लास तुकड्याची एका पावसाळ्यात पाहणी करून घ्यावी. उड्या मारणारे नर मोजण्यासाठी फासेपारध्यांना रीतसर मानधनावर घ्यावे. या कामात त्यांच्याइतकी नजर दुसऱ्या कुणाकडे नाही. ज्या तुकड्यांवर तणमोर किंवा त्याच्या विणीची नोंद मिळेल, ते सातबाऱ्यावर इतर हक्कात कुरण म्हणून नोंदवावेत आणि त्यांच्या दोन किलोमीटरच्या परिघात नवी उघडी वाहिनी मंजूर करू नये. सध्याच्या वाहिन्यांखाली वन खात्याने पावसाळ्यात महिन्यातून किमान दोनदा फेरी मारून मेलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवावी. फेऱ्यांत जास्त अंतर पडले तर कोल्हे-कुत्र्यांनी नेलेला पुरावा कधीच सापडत नाही. आणि हे पूर्ण होईपर्यंत त्या तुकड्यांचे वाटप थांबवून, त्याच उपकेंद्रांलगत खासगी जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांचे अर्ज आधी निकाली काढावेत.